अनुभव धागा: पडद्यावरचे जुने राक्षस आणि आपण

तिसरी घंटा

काळ्या-पांढऱ्या काळातले राक्षस आता कुणाला घाबरवत नाहीत, असं अधूनमधून कुणीतरी म्हणतंच. खरं असेल. १९३१ चा 'फ्रँकेन्स्टाइन' लावून आज कुणाची झोप उडणार नाही. तरीही त्यात डॉक्टरने प्रेतं जोडून घडवलेल्या राक्षसाचा, म्हणजे तो झालेल्या बोरिस कार्लॉफचा, तो सपाट माथा, मानेतले खिळे आणि जड पापण्या कुठल्याही शाळकरी पोराला ओळखू येतात. त्यानंतर कितीतरी जास्त भयानक चेहरे येऊन गेले आणि विसरलेही गेले. भीती ओसरल्यावर मागे काय उरतं, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय.

सुरुवात मीच करते. माझ्या मनात राहिलाय तो तळ्याकाठचा प्रसंग. छोटी मारिया त्या राक्षसाला घाबरत नाही, फुलं देते, ती पाण्यावर कशी तरंगतात ते दाखवते. फुलं संपतात. तो आनंदाच्या भरात तिलाच उचलून पाण्यात टाकतो, कारण तीही तरंगेल असं त्याला वाटतं. सेन्सॉरने हा तुकडा कापला होता. त्यामुळे अनेक वर्षं लोकांना दिसायचे फक्त तिच्याकडे जाणारे त्याचे हात, आणि नंतर मुलीचं प्रेत घेऊन गावातून चालणारा बाप. मधलं काय झालं असेल याची प्रेक्षक जी कल्पना करायचे, ती प्रत्यक्षापेक्षा फार वाईट होती. १९८० च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. त्यात मुलगी वर येत नाही हे कळल्यावर त्याची जी तारांबळ उडते, ती पाहिली की त्याच्यावर राग धरवत नाही. हे चित्रपट टिकले, कारण त्यांनी राक्षसाच्या बाजूनेही कॅमेरा लावला, असं माझं मत आहे.

परीक्षण नको, अनुभव लिहा. हॉलिवूडचा युनिव्हर्सल स्टुडिओ, ब्रिटनचा हॅमर, जपान, हिंदीतले रामसे बंधू, काहीही चालेल. लहान लिहिलंत तरी चालेल.

क्रेपदाढी

मी नाटकांची रंगभूषा करतो. क्रेप, स्पिरिट गम, पॅनकेक यांतच आयुष्य चाललंय. आमच्या गुरुजींनी शिकवताना जी दोन-तीन परदेशी नावं आदराने घेतली, त्यांत पहिलं जॅक पिअर्स यांचं. कार्लॉफचा चेहरा त्यांनी घडवला.

पिअर्सनी विचार कसा केला बघा. डॉक्टरला मेंदू आत बसवायचाय. मग तो कवटी वरून सरळ कापणार आणि डब्याच्या झाकणासारखी परत बसवणार. त्यातून तो सपाट माथा आला. कापूस, कोलोडियन (सुकून पापुद्रा होणारा द्रव) आणि डिंक यांचे थर रोज सकाळी नव्याने चढवायचे, त्यात चारेक तास जायचे. रंग लावला तो हिरवट राखाडी, म्हणजे त्या काळच्या फिल्मवर तो प्रेताच्या फिकटपणासारखा उतरेल. कार्लॉफच्या एका बाजूच्या दाढांना कृत्रिम ब्रिज होता. तो त्यांनी काढून ठेवला आणि त्या बाजूचा गाल आत गेला. पुढे कार्लॉफनाच वाटलं, की आपले डोळे फार जिवंत दिसताहेत, म्हणून पापण्यांवर मेण घातलं.

हे शेवटचं मला फार मोठं वाटतं. नट मंडळी आम्हाला सांगतात, डोळे उठावदार करा, शेवटच्या रांगेला दिसले पाहिजेत. या माणसाने स्वतःहून डोळे झाकून घेतले आणि उरलेल्या चेहऱ्यावर काम केलं. मनोऱ्यातल्या प्रयोगशाळेत छतावरची खिडकी उघडते तेव्हा राक्षस उजेडाकडे हात नेतो. आधी कधी उजेड न पाहिलेल्या माणसाचे हात कसे असतील, ते तिथे दिसतं. रंगभूषा इतकी जड असूनही तिने नटाला कोंडलं नाही. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टुडिओने पिअर्सना निरोप दिला आणि फोम रबरची झटपट पद्धत आणली. वेळेचा आणि पैशाचा हिशेब मला कळतो. पण रोज सकाळी हाताने थर देण्यात चेहऱ्याची जी ओळख होते, ती साच्यातून येत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना हा चित्रपट मी आवाज बंद करून दाखवतो.

काजवा

क्रेपदाढीकाका, फार छान. एक भर घालते. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नावापुढे कार्लॉफचं नाव नाहीच, फक्त प्रश्नचिन्ह आहे. आम्ही भावंडं ते पाहून गप्प झालो होतो. त्याआधी एक गृहस्थ पडद्यामागून येऊन बजावतात, की हे पाहून तुम्हाला धक्का बसेल. आईने ते मराठीत सांगितलं, आणि आमचा सगळ्यात धाकटा तिथेच उठून तिच्या मांडीवर गेला.

देवचाराची वाट

मी मालवणकडचा. आमच्याकडे लहानपणी भुतं ही ऐकीव गोष्ट नव्हती. कुठल्या वळणावर कोण आहे ते ठरलेलं असायचं. म्हणून मुंबईला शिकायला गेल्यावर हॉस्टेलच्या पोरांनी कौतुकाने ड्रॅक्युला दाखवला तेव्हा दचकलो नाही. पण 'फ्रँकेन्स्टाइन' पाहताना मुंजा आठवला. मुंज झालेला, सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. आजी त्याच्याबद्दल बोलताना घाबरायची नाही, हळहळायची. पिंपळाखालून जाताना म्हणायची, "बिचाऱ्याचं राहून गेलं रे." तो दगड मारतो, वाट अडवतो, हे सगळं खरं धरूनही तिला त्याची कीव होती. त्या अमेरिकन राक्षसाकडे मी आजीच्याच नजरेने पाहिलं. ज्याचं काही राहून गेलंय तो त्रास देणारच, हे आमच्याकडे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

पांढरी काठी

मी जन्मापासून पाहू शकत नाही. हे चित्रपट मी बहिणीच्या आवाजात पाहिलेत. ती शेजारी बसून सांगते, मी ऐकते.

'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) मध्ये राक्षस जखमी होऊन रानात पळतो आणि व्हायोलिनच्या सुरांमागे एका झोपडीपाशी येतो. आत एक अंध म्हातारा शूबर्टचं 'आवे मारिया' वाजवतोय. तो याला आत घेतो, खायला देतो, शब्द शिकवतो. पाव, वाइन, मित्र, एकटं. एकटं वाईट, मित्र चांगला, एवढी त्याची पहिली भाषा.

आंधळा माणूस म्हणजे निर्मळ, त्याला म्हणे अंतरंग दिसतं, ही सिनेमावाल्यांची जुनी सवय मला मुळीच आवडत नाही. आम्हीही माणसं नाकारतो. आवाजावरून, वासावरून, हात कसा धरला त्यावरून. पण हा प्रसंग त्या सवयीत पूर्ण बसत नाही. म्हातारा उपकार करत नसतो. तो स्वतः एकाकी आहे, त्याला कुणीतरी हवंय. मला दिसत नाही, तुला बोलता येत नाही, आपण एकमेकांच्या उपयोगी पडू, अशा अर्थाचं तो बोलतो. यात दया नाही, गरज आहे, आणि दोन्हीकडून आहे. मदत म्हणून माझा दंड धरणाऱ्या अनेकांना हे कळत नाही, १९३५ च्या त्या लेखकांना कळलं होतं.

राक्षसाच्या गालावरून अश्रू ओघळतो हे सांगताना ताईचा आवाज बदलला. मग दोन शिकारी येतात, झटापट होते, झोपडी पेटते. ताईला म्हटलं, थांबव जरा. थोड्या वेळाने पुढचं ऐकलं.

माळीवाडा

धागा वाचून राहवलं नाही. मी नगरचा (आता अहिल्यानगर). कार्लॉफ आणि आमचं गाव यांचा खराखुरा संबंध आहे.

कार्लॉफचं मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म १८८७, लंडन. त्याच्या आईची मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या (आताच्या थायलंडच्या) राजाच्या मुलांना शिकवायला गेलेली आणि पुढे नाटक-सिनेमांमुळे जगभर माहीत झालेली बाई. ती १८३१ साली अहमदनगरला जन्मली, लष्करी वस्तीतल्या संमिश्र वंशाच्या कुटुंबात. स्वतः मात्र आयुष्यभर सांगत राहिली, की मी वेल्समध्ये जन्मले. तिची बहीण इलायझा ही कार्लॉफची आजी, आईची आई. कार्लॉफचे वडीलही ब्रिटिश हिंदुस्थानात मीठ खात्यात नोकरीला होते.

म्हणजे ज्या घरातल्या माणसांनी रंगामुळे आणि रक्तामुळे स्वतःची जन्मगावं लपवली, त्या घरातला हा मुलगा. उन्हात काळवंडलेला वाटावा असा त्याचा वर्ण होता. मूकपटांच्या काळात त्याला अरब, हिंदू, मेक्सिकन अशा 'परक्या' भूमिका मिळत. मग राक्षस मिळाला. त्याच्या अभिनयाचं सगळं श्रेय मी रक्ताला देणार नाही, ते अन्यायाचं होईल. तो कसलेला, कष्टाळू नट होता, वर्षानुवर्षं फिरत्या नाटक कंपन्यांत राबलेला. कलाकारांच्या कामाच्या तासांसाठी १९३३ साली अमेरिकेत जी संघटना उभी राहिली, तिच्या पहिल्या सभासदांत तो होता. पण दारात उभा राहिलेला आणि आत न घेतलेला माणूस त्याने इतका खरा केला, तेव्हा मला आमच्या भिंगार कँपातल्या जुन्या कबरी आठवतात. तिथे कितीतरी नावं आहेत ज्यांच्या पुढच्या पिढ्यांनी इथलं काही सांगितलं नसेल.

तिसरी घंटा

माळीवाडा, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

पेठेतली

माझा चित्रपट जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा 'नॉस्फेराटू', १९२२. पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. तेव्हा विशेष काही वाटलं नव्हतं. करोनाच्या टाळेबंदीत घरी परत पाहिला आणि पोटात गोळा आला.

त्यातला रक्तपिपासू काउंट ऑर्लोक जहाजातून येतो, मातीने भरलेल्या पेट्या घेऊन, आणि पेट्यांत उंदीर. गावात साथ पसरते. दारांवर खुणा होतात, शवपेट्यांची रांग रस्त्यातून जाते, दवंडी पिटून लोकांना घरात बसायला सांगतात. मुर्नाऊने हे केलं तेव्हा १९१८ चा फ्ल्यू आणि महायुद्ध दोन्ही अगदी ताजं होतं.

आमच्या घरी प्लेगच्या गोष्टी पणजीपासून चालत आल्यात. घरात उंदीर पडायला लागले, की सामान बांधायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. १८९७ चं पुणं सगळ्यांना रँडमुळे माहीत असतं. आमच्या घरात ते माहीत आहे कुलूप लावून सोडलेल्या वाड्यामुळे, आणि परत आल्यावर कोण कोण नव्हतं त्यामुळे. ऑर्लोक जिन्यावरून वर जातो तेव्हा फक्त त्याची सावली दिसते, लांब बोटांची. साथ अशीच येते. ती स्वतः दिसत नाही, ती कुठवर आली तेवढं दिसतं. रक्तपिपासूच्या इतर चित्रपटांत देखणे पुरुष असतात, मोह असतो. इथे तसलं काही नाही, आणि म्हणून हा मला सगळ्यांत खरा वाटतो.

आणखी एक. पिशाच्च सूर्यप्रकाशाने मरतं, हे आज सगळे धरून चालतात. ते या चित्रपटाने आणलं. ब्रॅम स्टोकरच्या मूळ 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंट दिवसा हिंडू शकतो. निर्मात्यांनी कादंबरीचे हक्क घेतले नव्हते, स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, आणि १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करायला सांगितलं. परदेशी गेलेल्या प्रतींमुळे तो वाचला. लेखकाच्या बायकोचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. तरी प्रती वाचल्या याचा आनंद लपवता येत नाही.

ट्रॅक दोन

ध्वनिसंकलन करतो, म्हणून कानाने लिहितो. बेला लुगोसीच्या 'ड्रॅक्युला'त (१९३१) पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. शीर्षकांवर 'स्वान लेक' या बॅलेच्या संगीताचा तुकडा, मध्ये नाट्यगृहाच्या प्रसंगात थोडं, बाकी शांतता. बोलपट नुकते आले होते, संगीत कुठून येतंय हे दाखवल्याशिवाय वाजवावं का, हेच ठरलेलं नव्हतं. पुढे संगीतकार फिलिप ग्लास यांनी त्यासाठी तंतुवाद्यांच्या चौकडीचं संगीत रचलं. ते सुंदर आहे, पण मी जुनाच ऐकतो. लुगोसी दोन शब्दांमध्ये जेवढा थांबतो, तेवढ्या जागेत तुम्हाला स्वतःचा श्वास ऐकू येतो.

चित्रफीत

ट्रॅक दोन, शांततेबद्दल सहमत, पण चित्रपट म्हणून तो पहिल्या वीसेक मिनिटांनंतर बसून राहतो. त्याच सेटवर रात्री दुसरा चमू स्पॅनिश 'ड्रॅक्युला' करत होता, दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्डचा. दिवसाच्या चमूने काय केलं ते पाहून हे लोक कॅमेरा अधिक हलवायचे. लुगोसी तिथे नाही ही उणीव मोठी, बाकी सगळ्यांत हा स्पॅनिश चित्रपट सरस आहे. त्याचं हरवलेलं रीळ क्यूबातल्या संग्रहातून मिळालं. अभ्यास म्हणून दोन्ही पाठोपाठ पाहाच.

यामानोते

तोक्योत नोकरीला असते. 'गोजिरा' (म्हणजे गॉडझिला, १९५४) आपल्याकडे इमारती तुडवणारा सरडा म्हणून माहीत आहे, मुलांचं खेळणं. इथे आल्यावर एका सहकारी बाईंनी मला सांगितलं, की मूळ चित्रपट बघ, पण आधी इथल्याच युमेनोशिमाला जाऊन ये.

तिथे एक लाकडी मासेमारी नौका ठेवलीय, दाइगो फुकुर्यू मारू. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि या नौकेवर पांढरी राख पडली. २३ खलाशी होते, सगळ्यांना किरणोत्साराची बाधा झाली. रेडिओ चालवणारे कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले. 'गोजिरा' नोव्हेंबरमध्ये पडद्यावर आला, आणि त्याची सुरुवातच समुद्रात एका नौकेवर लखलखाट होऊन होते. थेटरात बसलेल्या कुणालाही ते काय आहे हे समजावून सांगायची गरज नव्हती.

ती नौका लहान आहे. मी खूप वेळ तिच्या बाजूने चालले. मग घरी येऊन चित्रपट पाहिला. जळत्या तोक्योत एक आई पोरांना कवटाळून बसलीय आणि त्यांना सांगतेय, की आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ. हवाई हल्ल्यांत तोक्यो जळालं त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. दवाखान्यात एका लहान मुलीजवळ गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) नेतात, तो कडकडतो, आणि डॉक्टर मान हलवतात. शाळेतल्या मुली शांतीसाठी प्रार्थना गातात. हे सगळं एका रबरी पोशाखातल्या माणसाच्या चित्रपटात आहे. पोशाखातले नाकाजिमा त्या वजनाने आणि दिव्यांच्या उष्णतेने बेशुद्ध पडत.

गोजिरालाही बॉम्बनेच जागं केलंय, त्याच्या अंगावरची कातडी भाजल्यासारखी केलीय. शास्त्रज्ञ सेरिझावाकडे त्याला मारायचं अस्त्र आहे, पण ते जगाच्या हाती लागलं तर पुढचा बॉम्ब तोच होईल, म्हणून तो आधी कागद जाळतो आणि अस्त्रासोबत स्वतःही समुद्रात राहतो. गोजिरा मरतो तेव्हा संगीतकार इफुकुबेंच्या संगीतात कुठेही विजय नाही. १९५६ मध्ये अमेरिकेत हा चित्रपट एका अमेरिकन वार्ताहराचं पात्र घुसवून, कापून दाखवला. तो पाहू नका. मूळचाच पाहा.

ट्रॅक दोन

यामानोतेताई, गोजिराची ती डरकाळी म्हणजे डबल बेसच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामडी हातमोजा ओढल्याचा आवाज आहे, नंतर वेग कमी केलेला. प्राण्यांचे आवाज त्यांनी आधी करून पाहिले, एकही चालला नाही. इफुकुबेंचीच कल्पना.

रात्रपाळी

माझ्या धाकट्या भावाला उन्मादाचे झटके येतात. औषधांवर आता पुष्कळ बरा आहे. त्याच्या परवानगीने लिहितेय.

'द वुल्फ मॅन' (१९४१) आम्ही दोघांनी एकत्र पाहिला. लॅरी टॅलबटला लांडगा चावतो, त्यामुळे तोही लांडगा-माणूस होऊ लागतो आणि मग स्वतःलाच घाबरतो. जो पुढचा बळी होणार, त्याच्या तळहातावर लॅरीला चांदणी दिसते, आणि ती त्याच्याच आवडत्या मुलीच्या हातावर दिसते. तो वडिलांना विनवतो, मला बांधून ठेवा. वडील त्याला खुर्चीला बांधतात, पण त्याचं म्हणणं खरं मानत नाहीत. गावचे डॉक्टर सुचवतात, की याला इथून बाहेर न्या, उपचार करा. वडिलांना ते नको असतं. डॉक्टर त्यांना जवळपास तोंडावर विचारतात, घराण्याचं नाव मोठं की मुलाची तब्येत. माझा भाऊ तिथे म्हणाला, "हे आपल्या काकांना दाखवलं पाहिजे." आमच्या घरातही बराच काळ बाहेर कळू नये याचीच धडपड चालली होती.

ज्यांनी हे लिहिलं ते कर्ट सिओडमॅक ज्यू होते, नाझींची सत्ता आल्यावर जर्मनी सोडून गेलेले. काल शेजारी असलेला माणूस आज कसा बदलतो, हे त्यांनी पाहिलं होतं. शेवटी बाप आपल्याच मुलाला, न ओळखता, चांदीच्या मुठीच्या काठीने मारतो. ती काठी मुलानेच आग्रह करून त्याच्या हातात दिलेली असते. भाऊ म्हणाला, त्याला शेवटपर्यंत माहीत होतं की आपण कोण आहोत. मला तो चित्रपट त्याच्या या वाक्यासाठी जवळचा आहे.

उघडा तंबू

आमचा अनुभव जत्रेतल्या तंबूतला. रामसेंचा 'पुराना मंदिर' (१९८४). पडदा मध्ये, दोन्ही बाजूंना माणसं, मागच्या बाजूच्यांना अक्षरं उलटी. त्यातला राक्षस सामरी आला की दोन्हीकडून एकदम किंकाळी. ते सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिकलेले इंजिनिअर होते, हे फार नंतर वाचलं. कीव वगैरे नाही वाटली, निव्वळ भीती वाटली आणि ती शेजारच्याचा हात धरून वाटून घेतली. तीही मोलाची आहे, तिची नोंद या धाग्यात असावी.

शेवरी

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' (१९५४) मधला तो खवल्यांचा, कल्ल्यांचा जलमानव मला आजवरचा सर्वांत सुंदर राक्षस वाटतो. ज्युली ॲडम्स वर पोहतेय आणि तो खाली, उताणा, तिच्याच लयीत पोहतोय, तिला कळूही न देता. पाण्यातला भाग रिकू ब्राउनिंग यांनी श्वास रोखून केला. त्यांच्या पोशाखात हवेची नळी नव्हती.

त्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने रेखलं. स्टुडिओने तिला प्रसिद्धीच्या दौऱ्यावर पाठवलं, मुलाखती झाल्या, आणि रंगभूषा विभागाचे प्रमुख बड वेस्टमोर यांना ते सहन झालं नाही. दौऱ्याहून परतल्यावर तिला तिथे काम मिळालं नाही. पडद्यावर नाव वेस्टमोर यांचं आहे. अनेक दशकं हा चेहरा मुखवट्यांवर, खेळण्यांवर, पोस्टरवर विकला गेला, आणि तो काढणारी कोण हे फार थोड्यांना माहीत होतं. राक्षसांच्या बाजूने कॅमेरा लावला हे तिसरी घंटा म्हणतात ते खरं. मग तो काढणाऱ्या बाईच्या बाजूनेही आपण लावू या. चित्रपटाचं नाव घ्याल तिथे तिचंही घ्या, एवढी विनंती.

काजवा

शेवरी, नक्की घेणार. आणि मंडळी, एक विचारायचंय. लेक नऊ वर्षांची आहे, तिला यातलं पहिलं काय दाखवू?

क्रेपदाढी

'किंग काँग', १९३३ चा. विलिस ओब्रायन यांनी जेमतेम दीड फुटाच्या पुतळ्यांना एकेक चौकट हलवून जिवंत केलंय. काँगच्या अंगावरची लव सारखी हलताना दिसते, ती हलवणाऱ्यांच्या बोटांनी. तिला ते आधी सांगा, मग ती शोधत बसेल. दोन-चार प्रसंग कठोर आहेत, शेजारी बसा. त्यानंतर 'द इन्व्हिजिबल मॅन', तो तिला आवडेल. 'फ्रँकेन्स्टाइन' तुम्ही दोघी मिळून पाहा आणि तळ्याच्या प्रसंगानंतर थांबून बोला. 'नॉस्फेराटू'ला अजून दोन-तीन वर्षं जाऊ द्या.